नववीच्या वर्गात विशेष गरजा असलेली चार मुलं आहेत. विषयशिक्षकाने नेमकं करायचं काय?

प्रश्न: तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित मराठी शाळेत विज्ञान-गणित शिकवतो. यंदा नववीचा वर्गशिक्षक आहे, पट ५८. एक मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण वाचन दुसरीतल्या मुलासारखं. एका मुलीला श्रवणयंत्र आहे. एकाला चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. चौथा शांत बसतो, सगळ्याच विषयांत मागे आहे, प्रमाणपत्र कसलंच नाही. विशेष शिक्षक महिन्यातून एखाद्या दिवशी येतात. ३५ मिनिटांच्या तासात मी काय करू शकतो? मुख्याध्यापकांचं म्हणणं, पहिल्या आणि चौथ्याला दहावीला १७ नंबरचा, म्हणजे खासगीरीत्या बसण्याचा, फॉर्म भरायला सांगा.

उत्तर:

सर, मुलं नववीत आहेत ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. आम्हा विशेष शिक्षकांना शाळांचे फोन येतात ते दहावीच्या दिवाळीच्या आसपास. "मॅडम, बोर्डाचे फॉर्म सुरू झालेत, सर्टिफिकेट कुठं मिळतं?" धावपळ करून प्रमाणपत्र मिळतं, लेखनिक मंजूर होतो, जादा वेळ मंजूर होतो. मग मार्चमध्ये हे पोर अनोळखी केंद्रावर, जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाला तरी उत्तर 'सांगून लिहवायला' बसतं आणि तीन वाक्यांनंतर गप्प होतं. कागदावर सवलत मिळालेली असते, पण ती वापरायची कशी हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे माझ्या सगळ्या उत्तराचा रोख एवढाच आहे: बोर्डात जे मिळणार आहे ते आजपासून वर्गात आणि घटक चाचणीत वापरायला लागा.

त्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. प्रमाणपत्र लागतं ते बोर्डाला. प्रश्न वाचून दाखवणं, झेरॉक्स देणं, दहा मिनिटं जास्त देणं हे तुमच्या वर्गात तुमच्याच हातात आहे. कुणी हरकत घेतलीच तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पुढे करा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमताही (बुद्धी चांगली, पण वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही अशी अडचण) त्यात आहे, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असे परीक्षेतले बदल स्पष्ट लिहिले आहेत. नुसत्या एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) नाव मात्र त्या २१ मध्ये नाही. म्हणून अशा मुलाला मदत नाकारणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. कागद नाही म्हणून त्या पोराचं लक्ष एका जागी ठरायला लागत नाही.

आता एकेक मूल घेऊ. पहिल्या मुलाबद्दल जास्त लिहिते, कारण अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि 'आळशी' या नावाखाली दडून राहतात.

त्याची विज्ञानाची वही उघडून पाच मिनिटं नीट पाहा. अक्षर घाणेरडं आहे की नाही हे बाजूला ठेवा. चुका कोणत्या आहेत? 'प्रवाह'चं 'पवाह', 'विभवांतर'चं 'विभातर', 'सर्व'चं 'सव' असं दिसतंय का? रफार, अनुस्वार, जोडाक्षर गळतंय का? घ-ध, भ-म यांची अदलाबदल होतेय का? एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलाय का? मग त्याला वाचायला सांगा, एकट्याला, स्टाफरूमच्या कोपऱ्यात. अशी मुलं पहिल्या एक-दोन अक्षरांवरून अख्खा शब्द ताडतात. प्रश्नात 'बलाचे परिमाण' असतं, हा 'बलाचे परिणाम' वाचतो आणि परिणामांवर चांगलं उत्तर लिहून येतो. आपण शून्य देतो आणि वर 'प्रश्न नीट वाचत जा' असा शेरा मारतो. नीट वाचता येत नाही हेच तर दुखणं आहे!

मग एक साधी चाचणी घ्या. 'धाराविद्युत' धड्यावरचे दहा प्रश्न काढा. पाच तो स्वतः वाचून लिहील. उरलेले पाच तितकेच अवघड ठेवा, पण तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. दोन्हींचे गुण शेजारी शेजारी मांडून ठेवा. हा कागद पुढे तीन ठिकाणी कामी येतो: पालकांशी बोलताना, मुख्याध्यापकांना पटवताना आणि रुग्णालयात.

वर्गात करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. न सांगता उभं करून वाचायला लावू नका. वाचून घ्यायचंच असेल तर कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा. नव्या धड्याचे पाच अवघड शब्द फळ्याच्या एका कडेला तोडून लिहा, वि-भवां-तर असे, आणि सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. फळ्यावरून उतरवून घेणं ही त्याच्यासाठी शुद्ध हमाली आहे. तो दोन ओळी उतरवेपर्यंत तुम्ही फळा पुसलेला असतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या कानावर काहीच पडलेलं नसतं. शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स काढून त्याच्या वहीत चिकटवा. तपासणीला आलेले साहेब 'वही पूर्ण नाही' म्हणतील ही भीती मला ठाऊक आहे. चिकटवलेल्या पानाखाली तुम्ही सही करा, काही होत नाही.

पेपर तपासताना आशयाचे गुण वेगळे धरा. विज्ञानाच्या उत्तरात 'रोध'चं 'रोद' झालं म्हणून ओहमचा नियम चुकत नाही. सगळ्या चुका लाल शाईने गोल करून परत दिलेल्या पानावरून हे मूल काही शिकत नाही. दोन शब्द निवडा, तेवढेच दुरुस्त करून घ्या. वाचनाचा सराव नववीतही करता येतो, पण पहिलीचं पुस्तक आणि बाराखडी काढून चारचौघांत बसवू नका. चौदा वर्षांच्या मुलाला त्यापेक्षा मार परवडतो. त्याच्याच विज्ञानाच्या पुस्तकातले शब्द घ्या. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं पुरे, परिपाठाच्या आधी, बाकीच्यांच्या नजरेआड.

श्रवणयंत्र असलेली मुलगी. यंत्र कानात आहे म्हणजे ऐकू येतं असं धरून चालू नका. आधी यंत्र चालू आहे का ते पाहा. या वयात मुली केसांआड लपवतात, कधी मुद्दाम बंद ठेवतात. सारखी शिटी वाजत असेल तर बहुधा कानातला साचा लहान झालाय. वाढत्या वयात तो बदलावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बिघडतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला घरी सांगा. जादा बॅटरी दप्तरात हवीच. यंत्र जुनं झालं असेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या मोजमाप शिबिरात किंवा केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून नवं मिळू शकतं, गटसाधन केंद्रात चौकशी करा.

यंत्र आवाज मोठा करतं, पण पंख्याची घरघर आणि मागच्या बाकावरची कुजबुजही तितकीच मोठी करतं. म्हणून ती तुमच्या ओठांकडे पाहते. पण ओठांवर सगळं दिसत नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाळ', 'पाळ', 'माळ' म्हणून पाहा, तिन्ही एकसारखे दिसतात. हा फरक तिला संदर्भावरून लावावा लागतो आणि संदर्भ मिळतो फळ्यावरच्या त्या पाच शब्दांतून. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. मागून कुणी प्रश्न विचारला तर तो पुन्हा तुमच्या तोंडून येऊ द्या, नाहीतर तिला फक्त तुमचं उत्तर कळतं, कशाचं ते कळत नाही. तिला अगदी पहिल्या बाकावर बसवण्यापेक्षा दुसऱ्या ओळीत, भिंतीच्या बाजूला बसवा. तिथून बोलणाऱ्या मुलांचे चेहरेही दिसतात. आणि "समजलं का?" असं विचारू नका. ती "हो" म्हणणार. सगळं आयुष्य ती "हो" म्हणत आली आहे. "काय समजलं ते सांग" म्हणा.

तिसऱ्या मुलाबद्दल पहिला प्रश्न घरच्यांना: चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? दोन-तीन वर्षं झाली असतील तर आधी तेच करा. बरेचदा प्रकरण तिथंच मिटतं. नव्या चष्म्यानेही दिसत नसेल तर ती अल्पदृष्टी. मग त्याच्यासाठी प्रश्नपत्रिका ए-३ कागदावर मोठी करून घ्या, फिकट सायक्लोस्टाइलसारखी प्रत नको. खिडकीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर न येता पाठीमागून यावा. फळ्याचा फोटो तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर काढून जवळून पाहू द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मोबाइलवर हवी तेवढी मोठी करता येतात. छापील मोठ्या टायपातली पुस्तकंही समग्र शिक्षातून मागवता येतात. भूमितीच्या आकृत्या जाड काळ्या पेनाने काढायला सांगा. याचं एवढ्यावर भागेल.

आता दुसरी बाजू. तुमच्या शाळेत याच मुलांना सात-आठ शिक्षक शिकवतात. प्राथमिकला एक बाई दिवसभर असतात, त्यांना मूल कळतं. माध्यमिकला घंटा वाजली की माणूस बदलतो आणि मुलाला दर तासाला नव्याने 'मूर्ख' ठरावं लागतं. त्यावर मला सापडलेला चालणारा उपाय म्हणजे प्रत्येक मुलाचं अर्धं पान. जाडजूड फाइल कुणी वाचत नाही. पहिल्या मुलाचं अर्धं पान असं असेल:

"ऐकून समजतं, तोंडी उत्तर चांगलं देतो. वाचन फार हळू, शब्द ताडतो. करा: प्रश्न वाचून दाखवा, नोट्सची झेरॉक्स द्या, उत्तर मुद्द्यांत चालेल. करू नका: अचानक उभं करून वाचायला लावणं, शुद्धलेखन शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा. चित्रकला आणि प्रयोग उत्तम, तिथं पुढे करा."

हे पान प्रत्येक विषयशिक्षकाच्या हातात द्या, सूचना फलकावर लावू नका. पीटीच्या सरांना वगळू नका. चिडवाचिडवी, टोपणनावं, डबा हिसकावणं हे सगळं मधल्या सुट्टीत आणि मैदानावर होतं, तुमच्या तासाला नाही.

परीक्षेचं. राज्य मंडळ दर तासाला २० मिनिटं जादा वेळ देतं. म्हणजे तीन तासांचा भाषेचा पेपर चार तासांचा होतो आणि गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या भागाला ४० मिनिटं वाढतात. चार तास एका जागी बसून लक्ष टिकवणं हीच वेगळी कसरत आहे. नववीच्या सहामाहीला हा वेळ देऊन पाहा. काही मुलं वाढीव वेळात नुसती खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना 'राहिलेले प्रश्न आधी, मग आकृत्यांना नावं, मग पुन्हा वाचन' असा क्रम घोटवून घ्यावा लागतो.

लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. हुशार मुलगा निवडायचा मोह होतो, पण फार हुशार पोर स्वतःचंच उत्तर लिहायला लागतं. अक्षर सुवाच्य, हात भरभर, सांगेल तेवढंच लिहिणारं पोर बघा आणि पहिल्या घटक चाचणीपासून हीच जोडी बसवा. गणितात सांगणाऱ्याला शिस्त लागते. 'दोन एक्स अधिक तीन' आणि 'दोन, कंस सुरू, एक्स अधिक तीन, कंस पूर्ण' या दोन वेगळ्या राशी आहेत. कंस तोंडाने बोलला नाही तर तो कागदावर येत नाही आणि दोन गुण जातात. आकृतीला नावं कुठल्या कोपऱ्यापासून द्यायची, नवी ओळ कधी, 'म्हणून'चे तीन ठिपके कधी, हे सगळं बोलून सांगायचा सराव लागतो. वाचक हवा पण लेखनिक नको, अशीही मुलं असतात. तुमच्या मुलाला दोन्ही देऊन पाहा, त्यालाच ठरवू द्या.

एका सवलतीबद्दल मात्र हात आखडता घ्या. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची, तसंच एक भाषा सोडण्याची मुभा आहे. पालकांना हे ऐकून हायसं वाटतं आणि सगळ्याच सवलती घेऊन टाकतात. पण नेहमीचं गणित सोडलं की दहावीनंतर पॉलिटेक्निकची वाट बंद होते, अकरावी विज्ञानाचीही. तुमचा मुलगा तोंडी विज्ञान सांगतो म्हणता, मग त्याचं गणित शेवटपर्यंत सोडू नका. आधी जादा वेळ, वाचक, मंजूर झाल्यास कॅल्क्युलेटर यांवर भागतंय का ते वर्षभर पाहा. कोणत्या सवलतीला कोणता कागद लागतो हे विभागीय मंडळाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकातून तपासून घ्या, शेजारच्या शाळेच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रमाणपत्राचं काम मात्र आजच सुरू करा. अध्ययन अक्षमतेसाठी एका फेरीत काही होत नाही: डोळे आणि कान तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, मधे तारखा. मुंबईत शीव, नायर, केईएम ही रुग्णालयं आहेत. जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवरून सुरुवात होते. सरकारी ठिकाणी नंबर लागायला महिने जातात. बरोबर शाळेचं पत्र द्या आणि त्यात 'अभ्यासात कच्चा आहे' असं एक वाक्य लिहून मोकळे होऊ नका. वहीच्या दोन पानांची झेरॉक्स, मागच्या तीन वर्षांची गुणपत्रकं आणि तुमचा तो दहा प्रश्नांचा कागद जोडा.

पालकांशी बोलताना 'अक्षमता' या शब्दाने सुरुवात करू नका. "आमचं पोर वेडं नाही" इथेच बोलणं संपतं. आधी मुलाला समोर बसवून तोंडी दोन प्रश्न विचारा, त्याला उत्तरं देऊ द्या, बापाला ऐकू द्या. मग वही दाखवा. "डोक्यात आहे, कागदावर येत नाही. कागदावर यायला मदत मिळू शकते, त्यासाठी एवढ्या फेऱ्या माराव्या लागतील." रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा प्रत्येक फेरीला एक दिवस बुडतो, कोणते कागद न्यायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं तर निदान एक फेरी वाचते.

उरला चौथा. सगळ्यात अवघड तोच, कारण तो बहुधा कुठल्याच रकान्यात बसत नाही. बुद्ध्यांक साधारण ७० ते ८५ च्या मधे असलेली, आपण स्लो लर्नर म्हणतो ती मुलं बौद्धिक दिव्यांगत्वात येत नाहीत आणि अध्ययन अक्षमतेतही येत नाहीत. त्यांना ना लेखनिक, ना जादा वेळ, ना योजना. तपासणीला पाठवा, कारण बसल्या जागेवरून आपल्याला हे ठरवता येत नाही, आणि घरी काय चाललंय तेही पाहा. शाळा सुटल्यावर तो कुठे कामाला जातो का? पण तपासणीतून काही निघालं नाही तरी त्याला शिकवणं तुम्हालाच आहे. त्याच्यासाठी धडा कमी करा. प्रत्येक धड्यातल्या दोन व्याख्या, एक आकृती, एक 'शास्त्रीय कारणे द्या' पक्कं करून घ्या, बाकी सोडा. गणितात तो कुठे अडलाय ते मागे जाऊन शोधा. बरेचदा भागाकारावर किंवा अपूर्णांकावर गाडी थांबलेली असते आणि आपण वर बहुपदी रचत असतो. विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, तिथं त्याला नळी धुवायला उभा करू नका, प्रयोग करू द्या.

मुख्याध्यापकांच्या १७ नंबरबद्दल. शंभर टक्के निकालाच्या फलकासाठी नववीतून मुलं गाळली जातात हे आपण दोघंही जाणतो, त्यावर लाजत बसण्यात अर्थ नाही. त्यांना हिशेबाच्या भाषेत सांगा. पहिल्या मुलाला सवलती मिळाल्या तर तो निकाल खाली आणणार नाही, वर नेईल. तुमचा दहा प्रश्नांचा कागद दाखवा. चौथ्याला एक-दोन विषय गेले तरी पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीने अकरावीला प्रवेशही आहे. खासगीरीत्या बसवलं की त्याच्या हातून शाळा, तुम्ही आणि रोजची दहा मिनिटं एकदमच जातात, आणि अशातली काही मुलं मग परीक्षेलाही बसत नाहीत. मुक्त विद्यालयाचा पर्याय वाईट नाही: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत विषय निवडता येतात आणि नोंदणीच्या पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पण तो घरच्यांनी समजून-उमजून घ्यायचा निर्णय आहे, शाळेने एप्रिलमध्ये दाखला हातात ठेवून नव्हे.

आणि विशेष शिक्षकांबद्दल एक. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माध्यमिकला दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात एकेकाकडे किती शाळा आहेत ते तुम्ही पाहताच आहात. म्हणून तो महिन्यातला एक दिवस त्यांना मुलाला कोपऱ्यात बसवून शिकवण्यात घालवू देऊ नका. त्यांना तुमच्या तासाला मागे बसवा, पुढच्या महिन्याच्या धड्यांचे शब्द, मोठ्या केलेल्या आकृत्या, लेखनिक जोडीचा सराव यांची आखणी त्यांच्याकडून करून घ्या आणि ती चार अर्धी पानं त्यांच्याकडून तपासून घ्या. पहिली घटक चाचणी जवळ आली असेल; वाचक आणि लेखनिक कोण, हे या आठवड्यातच ठरवा.